सुटलेले पोट कमी करताना: टेप, तेलाचा डबा आणि जोर-बैठका

बेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर, ग्रेड 1’ (यकृतात चरबी साचण्याची पहिली पायरी) अशी ओळ आली, तेव्हा माझे वजन 68 किलो होते, उंची 168 सेंटीमीटर होती आणि घरात मला कोणीही लठ्ठ म्हणत नव्हते. त्या दिवशी मी प्रथमच पोटाभोवती टेप लावून पाहिली, तर घेर 96 सेंटीमीटर भरला. पुढच्या दहा महिन्यांत तो 85 वर आला. या काळात कशाचा उपयोग झाला, कशावर वेळ वाया गेला आणि कोणत्या गोष्टी आधीच कळल्या असत्या तर बरे झाले असते, ते सर्व मी येथे क्रमाने मांडत आहे. ज्यांनी आजवर नेमाने व्यायाम केलेला नाही आणि आपण किती खातो याचे मोजमाप कधी घेतलेले नाही, अशा वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे.

चरबी नेमकी कोठे असते

पोटाची चरबी दोन जागी साठते. एक त्वचेच्या लगेच खाली असते आणि ती चिमटीत धरता येते. दुसरी पोटाच्या स्नायूंच्या आत, यकृत आणि आतडी यांच्याभोवती असते आणि ती चिमटीत येत नाही. आतली चरबी जास्त असली की पोट टणक आणि पुढे आलेले दिसते, हातपाय मात्र सडसडीतच राहतात. आरोग्याच्या दृष्टीने हीच चरबी अधिक घातक आहे, कारण तिच्यातून सुटणारी मेदाम्ले मोठ्या प्रमाणात थेट यकृताकडे जातात, यकृतात चरबी साचू लागते, इन्शुलिनचा परिणाम मंदावतो आणि पुढे मधुमेह, वाढलेले ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) व हृदयविकार यांची वाट मोकळी होते.

समाधानाची बाब अशी की आहार आणि व्यायाम यांना पहिला प्रतिसाद बहुधा ही आतलीच चरबी देते. त्वचेखालची चरबी, त्यातही पुरुषांमध्ये बेंबीखालची आणि स्त्रियांमध्ये ओटीपोट, नितंब व मांड्या यांवरची, सर्वांत शेवटी उतरते. त्या भागातील मेदपेशींवर चरबी सोडण्याचा संदेश अडवणारी ग्राहके (पेशीवरची संदेश घेणारी केंद्रे) जास्त असतात, म्हणून ती हट्टी वाटते. पहिल्या दोन महिन्यांत पट्ट्याचे भोक एकाने आत येते, रक्तातली साखर सुधारते आणि तरीही बेंबीखालची वळी तशीच दिसते. याच टप्प्यावर बहुतेक जण निराश होऊन सोडून देतात. प्रयत्न फुकट गेले असे तेव्हा वाटते, पण आत बरेच काही घडून गेलेले असते.

मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे छायाचित्र छापले होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या हिशेबाने वजनाचा निर्देशांक, 22.3 होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के होती. वजनकाट्याने दोघांना सारखेच ठरवले होते. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांत मातांचा व बाळांचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यात आपल्याकडची बाळे जन्मतः वजनाने कमी असली तरी त्यांच्यात स्नायूंच्या मानाने चरबी टिकून राहिलेली असते, असे दिसले. ‘मी तर बारीक आहे, मला काय होणार’ या वाक्यावर आपल्या समाजात विसंबता येत नाही, ते यामुळे.

पहिली पायरी: टेप आणि तपासणी

शिंप्याकडे असते तशी कापडी टेप घ्यावी. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, सरळ उभे राहावे. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्यावर टेप लावावी, श्वास सहज सोडावा आणि पोट आत न ओढता माप वाचावे. टेप त्वचेला टेकलेली असावी, रुतलेली नसावी. पँटच्या मापावर जाऊ नये. पोट सुटलेला माणूस पँट पोटाच्या खाली बांधतो आणि 34 इंचांचे माप वर्षानुवर्षे तसेच राहते.

भारतीयांसाठी पुरुषांमध्ये 90 सेंटीमीटर आणि स्त्रियांमध्ये 80 सेंटीमीटर ही मर्यादा मानली जाते. याहून सोपा आडाखा असा की पोटाचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. 160 सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीने 80 च्या आत राहावे. आलेला आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवावा आणि यापुढे दर पंधरा दिवसांनी, एकाच वेळी व एकाच पद्धतीने, माप घ्यावे. वजन आठवड्यातून एकदा पाहिले तरी पुरते. रोज काट्यावर उभे राहणाऱ्याला मिठाचे आणि पाण्याचे चढउतारच दिसतात आणि उगाच मन खट्टू होते.

वय चाळिशीच्या पुढे असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असेल, चालताना छातीत दुखत किंवा धाप लागत असेल, तर सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे आणि रक्तदाब, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबी), थायरॉइड व यकृताच्या तपासण्या करून घ्याव्यात. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय जेवण कमी करूच नये, कारण त्यांची साखर एकाएकी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या मातांसाठी हा लेख नाही.

प्रत्येक पुढे आलेले पोट चरबीचे नसते, हेही तपासून घेतले पाहिजे. बाळंतपणानंतर अनेक स्त्रियांमध्ये पोटाचे उभे स्नायू मधोमध एकमेकांपासून दूर सरकलेले राहतात आणि वजन उतरले तरी पोट फुगीरच दिसते. उताणे झोपून मान किंचित उचलली असता बेंबीच्या वर-खाली उंचवटा येत असेल किंवा दोन-तीन बोटे आत जाण्याइतकी फट लागत असेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवावे आणि तोवर क्रंचेस (उताणे झोपून डोके व खांदे उचलण्याचा व्यायाम) करू नयेत. काही आठवड्यांतच पोट झपाट्याने वाढले, पायांवर सूज आली, खाणे नसतानाही पोट सतत फुगलेले राहू लागले, तर डाएटच्या नादी न लागता थेट डॉक्टरांकडे जावे. पन्नाशीपुढच्या स्त्रियांनी हे विशेष गांभीर्याने घ्यावे, कारण अंडाशयाच्या आजाराची सुरुवात अशीच होऊ शकते.

दुसरी पायरी: काहीही न बदलता एक आठवडा नोंद

पहिल्या आठवड्यात खाण्यात काहीच बदल करू नये. फक्त लिहून ठेवावे. सकाळच्या चहापासून रात्री फ्रीज उघडून तोंडात टाकलेल्या बर्फीच्या तुकड्यापर्यंत सर्व काही, वेळेसह. माझ्या वहीत त्या आठवड्यात दिसले ते असे: जेवणे बरीच ठीक होती, परंतु दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, संध्याकाळी चहाबरोबर मूठ-दोन मुठी फरसाण आणि रात्री उशिराचे जेवण, हा आपला नेहमीचा शिरस्ता होता. आठ चमचे साखर म्हणजे सुमारे 40 ग्रॅम, म्हणजे 160 कॅलरी. महिन्याचा हिशेब मांडला तर हा आकडा 4800 पर्यंत जातो, आणि एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी असतात. एकट्या साखरेच्या चहाने महिन्याला अर्ध्या किलोहून अधिक चरबीची बेगमी होत होती.

त्याच आठवड्यात तेलाच्या डब्यावर तारीख घालावी. मला विचाराल तर या संपूर्ण लेखातील सर्वांत मोलाची सूचना हीच आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत 2000 कॅलरींच्या दिवसासाठी तेल-तूप मिळून 27 ग्रॅमचे प्रमाण दिले आहे. चार जणांच्या घरात महिन्याला याचे साधारण साडेतीन लिटर होतात, आणि त्यात तूप व लोणीही आले. पाच लिटरचा डबा महिनाभरात संपत असेल, तर माणशी रोज सुमारे शंभर कॅलरी केवळ तेलातून जादा जात आहेत, आणि ताटात त्या कोठेच दिसत नाहीत. भाजीत मुरलेले तेल, पोळीला लावलेले तेल, डाळीवरची दुसरी फोडणी हे कोणी मोजत नाही.

मोजायचे कसे, तर बाटलीतून थेट कढईत तेल ओतणे बंद करावे. तेलाच्या भांड्यात चहाचा चमचा कायमचा ठेवून द्यावा आणि चौघांच्या भाजीला तीन चमचे हे माप ठरवावे. एका चमच्यात सुमारे 40 कॅलरी असतात. जाड बुडाची किंवा बिडाची कढई असेल, झाकण ठेवून त्यावर पाणी घालण्याची आपली जुनी रीत पाळली, तर तीन चमच्यांत भाजी करपत नाही. स्वयंपाक दुसरे कोणी करत असेल, तर त्या व्यक्तीला बरोबर घेतल्याशिवाय हे घडणार नाही. ‘माझ्या भाजीत तेल कमी घाल’ असे बसून सांगण्यापेक्षा आठवड्यातून तीन दिवस स्वतः भाजी फोडणीला घालावी. तेल किती लागते हे तेव्हाच कळते.

तिसरी पायरी: ताट बदलणे

चरबी कमी होण्यासाठी खर्चापेक्षा कमी ऊर्जा आत जावी लागते, आणि दिवसाला 300 ते 500 कॅलरींची तूट नवख्या माणसासाठी योग्य ठरते. त्यातून आठवड्याला पाव ते अर्धा किलो वजन उतरते. याहून घाई केली तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि आपल्या अंगावर स्नायू मुळातच कमी असताना हा व्यवहार फार महागात पडतो.

मराठी ताटाची रचना उत्तम आहे. बिघडले आहे ते त्यातले प्रमाण. जुन्या ताटात भाकरी, घट्ट वरण किंवा उसळ, पालेभाजी, कोशिंबीर आणि ताक होते. आता भात आणि पोळी वाढली, वरण पातळ झाले आणि कोशिंबीर चमचाभर, नैवेद्यापुरती उरली. म्हणून पुढचे बदल एकदम न करता आठवड्याला एक या गतीने करावेत.

पहिला बदल प्रथिनांचा. वजन कमी करताना शरीराच्या दर किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिने मिळावीत. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. शाकाहारी घरात ही मजल कशी गाठावी, असा प्रश्न हमखास येतो. 40 ग्रॅम कोरड्या मटकीची किंवा मुगाची उसळ सुमारे 9 ग्रॅम देते, 30 ग्रॅम डाळीचे घट्ट वरण 7, एक पेला दूध 6, एक मोठी वाटी दही 6, 30 ग्रॅम सोयाबीनच्या वड्या 15, दिवसभराच्या भाकरी-पोळ्या 12 आणि मूठभर शेंगदाणे 5. बेरीज साठच्या घरात जाते. अंडी खाणाऱ्यांना दोन अंड्यांतून 12 ग्रॅम मिळतात. कोकणातल्या घरांना बांगडा आणि तारली यांच्यासारखा स्वस्त व उत्तम पर्याय दारातच असतो. फक्त रोज रव्यात घोळवून तळण्याऐवजी कालवण किंवा तव्यावर चमचाभर तेलात भाजलेला मासा ठेवावा. प्रथिने वाढली की दुपारी चार वाजता लागणारी खोटी भूक कमी होते. माझे फरसाण सुटले ते निग्रहाने कमी आणि दुपारच्या उसळीने जास्त.

दुसरा बदल ताटातील क्रमाचा. आधी काकडी, टोमॅटो, गाजर, मुळा किंवा कोबी यांची वाटीभर कोशिंबीर, मग भाजी आणि उसळ, आणि त्यानंतर भाकरी किंवा भात. भात सोडण्याची गरज नाही. कोकणातल्या आणि गोव्यातल्या माणसाला भात सोडायला सांगणे म्हणजे आठ दिवसांत संपणारी शपथ घ्यायला लावणे होय. वाटीने मोजून वाढावा आणि दुसऱ्यांदा घ्यायचा झाल्यास उसळ घ्यावी. ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांची भाकरी चांगली, कारण तिच्यात चोथा अधिक असतो आणि ती थापताना तेल लागत नाही. परंतु कॅलरींच्या हिशेबात भाकरी आणि पोळी यांच्या पिठांत फारसा फरक नाही, त्यामुळे ‘भाकरी आहे, कितीही खा’ हा समज चुकीचा आहे.

तिसरा बदल न्याहरीचा आणि मधल्या खाण्याचा. पोहे, उपमा, साबुदाणा खिचडी हे पदार्थ वाईट नाहीत, पण त्यांत जवळपास सारे पिष्ट आणि तेलच असते. पोहे करायचे तर ते निम्मे घ्यावेत, त्यात मटार आणि मोड आलेले मूग घालावेत किंवा सोबत एक अंडे वा वाटीभर दही घ्यावे. मुगाचे धिरडे, नाचणीची आंबील, ताकातले थालीपीठ हे पर्याय घरोघरी माहीत आहेत. एका वडापावात तीनशेच्या आसपास कॅलरी असतात आणि तेवढ्या खर्च करायला मध्यम वजनाच्या माणसाला तासाभराहून अधिक चालावे लागते. तो महिन्यातून एक-दोनदा आवडीने खावा, भूक भागवण्यासाठी स्टेशनावर रोज खाऊ नये.

उपवासाबद्दल ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असे आपल्याकडे म्हटले जाते आणि ते अगदी खरे आहे. साबुदाणा, बटाटा, शेंगदाण्याचे कूट, तूप आणि वर वेफर्स, असा उपवास पोटाच्या घेरात भरच घालतो. उपवास करायचाच असेल तर भगर, राजगिरा, दही, ताक, फळ आणि काकडी यांवर करावा. सणाच्या दिवशी पुरणपोळी खावी, आंब्याच्या दिवसांत आमरसही खावा. त्या दिवशी भात आणि तळण बाजूला ठेवावे, इतकेच. सणाचा एक दिवस पोट वाढवत नाही. दिवाळीच्या फराळाचे डबे तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर उघडे राहणे मात्र वाढवते.

दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे ती महाराष्ट्रात घरोघर पोहोचली; तिचे अनेकांना फायदे झालेले आपण पाहतो. माझे मत असे की ज्याला दोन जेवणांत समाधान मिळते, त्याने ती जरूर पाळावी, कारण मधले चरणे आपोआप बंद होते. परंतु ठरावीक तासांत खाण्याचा गुण मुख्यतः एकूण खाणे कमी होण्यात आहे. चीनमध्ये 139 लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर केलेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कॅलरी सारख्याच कमी केल्यावर वेळेचे बंधन पाळणारे आणि न पाळणारे यांच्या वजनात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून ज्यांना भुकेने डोके दुखते किंवा जे दोन जेवणांत दुप्पट खातात, त्यांनी तीन वेळा मोजून जेवावे आणि त्याबद्दल मनात अपराधीपणा ठेवू नये.

चौथी पायरी: चालणे

व्यायामाची सुरुवात चालण्याने करावी, आणि चालण्याची सुरुवात शतपावलीने. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर दहा-दहा मिनिटे सावकाश चालल्याने जेवणानंतर वाढणारी साखर आटोक्यात राहते. पहिले दोन आठवडे एवढेच करावे, त्याला सकाळच्या वीस मिनिटांची जोड द्यावी. तिसऱ्या आठवड्यापासून सकाळचे चालणे चाळीस मिनिटांपर्यंत न्यावे आणि वेग असा ठेवावा की सोबत्याशी बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला अशा मध्यम श्रमाची 150 ते 300 मिनिटे आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. दहा हजार पावलांच्या आकड्याचा उगम जपानमध्ये 1965 च्या सुमारास विक्रीला आलेल्या एका पावले मोजणाऱ्या उपकरणात आहे. त्याला वैद्यकीय आज्ञा मानून सहा हजारांवर थांबलेल्या माणसाने खजील होण्याचे कारण नाही. आजवर तीन हजार पावले चालत असाल तर पाच हजार हे मोठे यश आहे.

सत्तर किलोंच्या माणसाची पाऊण तासाच्या झपझप चालण्यात सुमारे 180 ते 200 कॅलरी खर्च होतात. हा आकडा लहान वाटेल. परंतु व्यायामाने वजन फारसे न हलताही आतली चरबी कमी होते, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे, आणि म्हणूनच काट्याकडे पाहून चालणे बंद करू नये. फेरफटका संपल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा-बिस्किटांची बैठक होत असेल, तर ती मात्र बंद करावी लागेल.

पाचवी पायरी: स्नायूंचा व्यायाम

पोट कमी करायचे म्हणून सिट-अप्स (उताणे झोपून धड उचलून बसणे), क्रंचेस आणि पाय उचलण्याचे प्रकार यांवर तुटून पडणे ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक आहे, आणि मीही पहिले दोन महिने तीच केली. अमेरिकेत 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहभागी पुरुषांनी 27 दिवसांत प्रत्येकी 5004 सिट-अप्स काढले. पोटावरच्या मेदपेशी इतर भागांपेक्षा विशेष लहान झाल्या, असे आढळले नाही. स्नायू आपल्या शेजारची चरबी जाळत नाही. शरीर ती सर्वांगातून, स्वतःच्या क्रमाने काढते. पोटाचे व्यायाम कंबर बळकट होण्यासाठी व ताठ उभे राहण्यासाठी करावेत, घेर त्यांनी उतरणार नाही.

उपयोग होतो तो पाय, पाठ, छाती अशा मोठ्या स्नायूंच्या व्यायामाचा. यासाठी जिमचे सदस्यत्व आवश्यक नाही. आपल्या तालमींमध्ये जोर आणि बैठका यांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि नवख्यासाठी त्यांचे सोपे रूप पुरेसे आहे. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, पुढील क्रम ठेवावा.

• खुर्चीवर बसून हात न टेकता उठणे, 10 वेळा. गुडघे सोसतील तसे खुर्ची काढून अर्धी बैठक.
• भिंतीला हात टेकून जोर, 10 वेळा. महिन्याभरात ओट्यावर किंवा पलंगाच्या कडेवर हात टेकून, आणि पुढे जमिनीवर.
• उताणे झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलणे, म्हणजे सेतुबंधासनासारखे, 12 वेळा.
• पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या किंवा पाच किलो धान्याची पिशवी कमरेत वाकून पोटाकडे ओढणे, 10 वेळा. पाठ सरळ राहिली पाहिजे.
• कोपरांवर आणि गुडघ्यांवर प्लँक, म्हणजे पालथे होऊन शरीर फळीसारखे सरळ उचलून धरणे, 15 सेकंद.

हा संपूर्ण क्रम दोनदा करावा. श्वास रोखू नये, विशेषतः रक्तदाब असणाऱ्यांनी. जोर लावताना श्वास सोडावा. शेवटच्या दोन आवृत्त्या जड गेल्या पाहिजेत. सहज जाऊ लागल्या की संख्या किंवा भार वाढवावा. सातव्या आठवड्यापासून दोनाचे तीन दिवस करावेत, आणि गुडघे व हृदय ठणठणीत असतील तर एक दिवस चालण्यात चढ किंवा जिने घ्यावेत: एक मिनिट जोरात, दोन मिनिटे सावकाश, असे सहा वेळा.

सूर्यनमस्कारांबद्दल मला विशेष आदर आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते शाळांमध्ये सुरू केले आणि त्यांचा नेटाने प्रसार केला, म्हणून आज ते मराठी घरातला सर्वांत ओळखीचा व्यायाम आहेत. रोज चार नमस्कारांपासून सुरुवात करावी आणि आठवड्याला दोन वाढवत बारापर्यंत यावे. कंबरेची गादी सरकलेली असेल, हर्निया असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, तर ते टाळावेत. शंभर नमस्कारांचा संकल्प सोडून तिसऱ्या दिवशी खांदा धरून बसण्यापेक्षा बारा नमस्कार वर्षभर टिकवणे किती तरी बरे.

झोप आणि मद्य

झोपेला मी पूर्वी या विषयात स्थान देत नव्हतो. शिकागो येथे झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगात दहा जणांना दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास अंथरुणात राहू दिले, खाणे दोन्ही वेळा सारखेच कमी ठेवले. वजन जवळपास तितकेच उतरले, पण कमी झोपेच्या काळात उतरलेल्या वजनातला चरबीचा वाटा निम्म्याहून कमी झाला आणि स्नायूंची हानी वाढली. लोकलने दोन-दोन तास प्रवास करून रात्री साडेनऊला घरी पोहोचणाऱ्याला सात तासांची झोप सांगणे सोपे नाही, हे मी जाणतो. अशा व्यक्तीने सहा वाजता दुपारच्या डब्यातून राखून ठेवलेली पोळी-भाजी खावी, घरी आल्यावर फक्त वरण, भाजी आणि ताक घ्यावे आणि सकाळी पाचचा गजर लावून झोप तोडण्याऐवजी व्यायाम शनिवार-रविवारकडे व शतपावलीकडे वळवावा.

मद्याच्या एका ग्रॅममध्ये 7 कॅलरी असतात, त्यासोबतचा चकणा वेगळा. यकृतात चरबी निघाली असेल तर मद्य पूर्ण बंद करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

घेर उतरायचा थांबतो तेव्हा

आठ-दहा आठवड्यांनंतर टेप एकाच आकड्यावर अडून राहते. शरीर लहान झाले की त्याचा खर्चही कमी होतो, आणि दुसरीकडे मोजमाप नकळत सैल पडते. तेलाचा चमचा काठोकाठ भरू लागतो, भाताच्या वाटीवर शीग येते. अशा वेळी खाणे आणखी तोडू नये. पुन्हा एक आठवडा वही भरावी, तेलाच्या डब्यावर नवी तारीख घालावी आणि रोजच्या चालण्यात दीड हजार पावले वाढवावीत. चार आठवडे सारे नीट पाळूनही टेप हलली नाही, तर थायरॉइड, स्त्रियांमध्ये पीसीओएस (अंडाशय व संप्रेरकांशी संबंधित विकार) आणि चालू असलेली औषधे यांबाबत डॉक्टरांशी बोलावे. स्टेरॉइडच्या गोळ्यांसारख्या काही औषधांनी पोटाचा घेर वाढतो. रजोनिवृत्तीच्या सुमारास चरबी मांड्यांकडून पोटाकडे सरकते, त्यामुळे त्या वयातील स्त्रियांनी तरुणपणीच्या गतीची अपेक्षा ठेवू नये आणि स्नायूंचे व्यायाम सोडू नयेत.

या टप्प्यावर पैसे वाया जाण्याची शक्यता सर्वाधिक असते. घाम आणणारा पोटपट्टा पाणी काढतो, आणि ते पहिल्या पेल्यासरशी परत येते. कोमट पाण्यात लिंबू-मध घेण्याने चरबी वितळत नाही. मोठा चमचाभर मध साठेक कॅलरी मात्र देतो. जिऱ्याचे पाणी आवडत असेल तर प्यावे, त्यावर भिस्त ठेवू नये. ‘फॅट बर्नर’ म्हणून मिळणाऱ्या भुकट्या आणि गोळ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नयेत, कारण त्यांतील काहींनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत.

ठरवलेला घेर गाठल्यावर माप थांबवू नये. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टेप लावतो. आकडा दोन सेंटीमीटरने वर गेला, तर त्या महिन्यात वही पुन्हा निघते आणि तेलाच्या डब्यावरची तारीख पाहिली जाते. गेल्या वर्षी गणपतीनंतर असे एकदा घडले होते; सहा आठवड्यांत घेर 85 वर परतला.